विश्वाच्या रचनेची परीक्षा कशी घेतली जाते?

प्रश्न असा आहे : विश्व एकच आहे, ते प्रयोगशाळेत आणता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करून पाहता येत नाही, मग त्याच्या रचनेविषयीचे आपले आकलन बरोबर आहे की नाही, हे खगोलशास्त्रज्ञ तपासतात तरी कसे? त्याला जोडूनच विचारले आहे की, दर काही महिन्यांनी ‘विश्वशास्त्र अडचणीत’ अशी जी बातमी येते, ती किती मनावर घ्यावी? दीर्घिकांच्या सर्वेक्षणांतून आलेल्या माहितीवर मी दीर्घकाळ काम केले आहे, त्यामुळे उत्तरही प्रामुख्याने त्याच अंगाने देतो.

निरीक्षण सिद्धान्ताशी ‘जुळते’ एवढ्याने परीक्षा होत नाही. पुरेशी मोकळीक दिली तर जवळपास कोणताही सिद्धान्त हातातल्या निरीक्षणाशी जुळवून घेता येतो. मोजमाप करण्याआधी सिद्धान्ताने कोणत्या आकड्याला स्वतःला बांधून घेतले होते आणि तो आकडा चुकण्याची खरोखर शक्यता होती का, हे पाहावे लागते. आजचे प्रमाण प्रतिरूप, म्हणजे विश्वाच्या रचनेचे सर्वमान्य गणिती चित्र, सहा राशींवर उभे आहे. या सहाही राशी विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाच्या (विश्वाच्या तप्त आरंभातून उरलेल्या आणि आज सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाच्या) निरीक्षणांतून, विशेषतः २००९ ते २०१३ या काळात काम केलेल्या प्लांक उपग्रहाच्या नकाशांतून, अतिशय काटेकोरपणे ठरतात. त्या एकदा ठरल्या की दीर्घिका आकाशात कशा विखुरलेल्या असाव्यात, गुरुत्वीय भिंगामुळे, म्हणजे वाटेतल्या द्रव्याने प्रकाश वाकवल्यामुळे, दूरच्या दीर्घिकांचे आकार किती ताणलेले दिसावेत, अमुक अंतरावरचा प्रसरणाचा वेग किती असावा, या सगळ्यांची उत्तरे ठरून जातात आणि मग सिद्धान्ताला हात लावायला फारशी जागा उरत नाही. सगळ्या परीक्षा या अडचणीच्या जागेतच घेतल्या जातात.

सिद्धान्त नापास होतो तेव्हा काय घडते, याचे चांगले उदाहरण स्थिर स्थिती सिद्धान्ताचे आहे. फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेल्या या सिद्धान्ताला आज हसण्यावारी नेले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. कारण तपासता येण्याच्या दृष्टीने तो अत्यंत प्रामाणिक सिद्धान्त होता. विश्व सर्व काळी सारखेच दिसले पाहिजे, असे त्याचे स्पष्ट म्हणणे होते. दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे असल्यामुळे, मंद दिसणाऱ्या दूरच्या रेडिओ स्रोतांची संख्या मोजली की निकाल लागायला हवा होता. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी तशी मोजणी केली आणि १९५५ साली मंद स्रोत अपेक्षेपेक्षा फारच जास्त असल्याचे जाहीर केले. परंतु सिडनीच्या बर्नार्ड मिल्स आणि ब्रूस स्ली यांच्या यादीशी ती यादी जुळेना, आणि केंब्रिजच्या यादीतले कित्येक ‘स्रोत’ म्हणजे जवळजवळच्या अनेक दुबळ्या स्रोतांची सरमिसळ होती, हे उघडकीस आले. १९६१ साली सुधारित मोजणी आली, तेव्हा हॉईल आणि त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी असा प्रतिवाद केला की, स्रोतांचे वितरण मोठ्या अंतरांवरही एकसारखे नसेल तर ही मोजणी स्थिर स्थितीतही बसू शकते. त्यांचा हा आक्षेप रास्त होता. पुढे गोविंद स्वरूप यांनी उटीजवळ उभारलेल्या ५३० मीटर लांबीच्या रेडिओ दुर्बिणीने, चंद्राआड जाणाऱ्या स्रोतांचे सिग्नल नोंदवून त्यांचे कोनीय आकार मोजले. स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ साली दाखवून दिले की, मंद स्रोतांचे आकार आणि त्यांची संख्या यांचा मेळ घालायचा असेल तर हे स्रोत काळानुसार बदलत गेले, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. तोवर १९६५ साली सापडलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाने बहुतेकांपुरता निकाल लावलाच होता.

त्या प्रारणाचीही उलटतपासणी झाली, आणि तिच्यात पुण्याचा वाटा आहे. विश्व खरोखर प्रसरण पावत असेल तर आज २.७२५ केल्विन असलेले प्रारणाचे तापमान पूर्वी ठरावीक प्रमाणात जास्त असले पाहिजे. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे रघुनाथन श्रीआनंद यांनी पॅट्रिक पेतिजाँ आणि सेड्रिक लेदू यांच्यासोबत एका क्वेसारच्या, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या, प्रकाशाच्या वाटेत आलेल्या वायुमेघाचा वर्णपट तपासला. त्या मेघाची ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट (प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप), २.३४ होती आणि तिथे तापमान ९.१ केल्विन असायला हवे होते. मेघातील कार्बनच्या अणूंच्या ऊर्जापातळ्यांवरून तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान असल्याचे त्यांनी २००० साली प्रसिद्ध केले. २००८ साली कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंवरून, ताम्रसृती २.४२ असलेल्या दुसऱ्या मेघात, ९.१५ केल्विन हे बरेच नेमके मूल्य मिळाले, अपेक्षा ९.३ ची होती. दूरच्या मेघातील अणुरेणू आपल्यासाठी तापमापकाचे काम करतात, आणि आपण कोणता सिद्धान्त मानतो याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते.

आता रचनेच्या मुख्य परीक्षेकडे येतो. पहिली सुमारे ३,८०,००० वर्षे सामान्य द्रव्य आणि प्रकाश एकमेकांत पूर्णपणे गुंतलेले होते. जिथे द्रव्य किंचित दाट होते तिथून दाबाची लाट, म्हणजे अक्षरशः ध्वनिलहर, प्रकाशवेगाच्या निम्म्याहून थोड्या अधिक वेगाने बाहेर पसरत गेली. तापमान ३,००० केल्विनच्या आसपास उतरले, इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांशी जोडले गेले, प्रकाश मोकळा झाला आणि लाटेमागचा दाबच नाहीसा झाल्याने ती होती तिथे थबकली. प्रत्येक दाट जागेभोवती अशा रीतीने द्रव्याचे एक फिकट कवच राहून गेले. विश्वाच्या प्रसरणाबरोबर ताणल्या गेलेल्या त्या कवचाची त्रिज्या आज सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षे असली पाहिजे. दीर्घिका दाट जागी जन्म घेत असल्यामुळे, एकमेकींपासून नेमक्या इतक्या अंतरावर असलेल्या दीर्घिकांच्या जोड्या किंचित जास्त सापडायला हव्यात.

या लहरींचा ठसा द्रव्यावर आणि प्रारणावर उरला पाहिजे, हे १९७० साली जिम पीबल्स आणि जे. टी. यू यांनी, तसेच स्वतंत्रपणे रशीद सुन्याएव आणि याकोव्ह झेलदोविच यांनी गणिताने दाखवले. दीर्घिकांच्या वितरणात हा ठसा २००५ साली सापडला. डॅनियल आयझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट येथील स्लोन सर्वेक्षणाच्या ४६,७४८ तेजस्वी लाल दीर्घिकांमध्ये, तर शॉन कोल यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीने नोंदवलेल्या सुमारे २,२१,००० दीर्घिकांमध्ये तो दाखवला. दोन गट, दोन दुर्बिणी, दीर्घिकांची निवड वेगळी, गणिताची पद्धत वेगळी, आणि भाकीत पस्तीस वर्षे आधी छापून ठेवलेले. माझ्या मते विश्वशास्त्रातील इतकी स्वच्छ परीक्षा दुसरी क्वचितच असेल.

या ठशाचा आकार जितका महत्त्वाचा, तितकाच त्याचा फिकेपणाही महत्त्वाचा आहे, पण सामान्य लेखांत तो सहसा सुटून जातो. जोड्यांची ही वाढ जेमतेम एखाद्या टक्क्याच्या घरात आहे. विश्वातील सगळे द्रव्य सामान्य असते तर सगळेच त्या लाटेवर स्वार झाले असते आणि दीर्घिकांच्या वितरणात प्रचंड चढउतार दिसले असते. प्रत्यक्षात सामान्य द्रव्य एकूण द्रव्याच्या जेमतेम एक-षष्ठांश आहे. उरलेल्या कृष्णद्रव्याला, म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या अदृश्य द्रव्याला, प्रकाशाचा दाब जाणवत नसल्यामुळे ते जागच्या जागी राहिले आणि त्याने लाटेचा ठसा पातळ केला. कृष्णद्रव्याऐवजी गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलू पाहणाऱ्यांनी आधी या एका टक्क्याचा हिशेब द्यावा, असे मला नेहमी वाटते. दीर्घिकांतील तारे केंद्राभोवती किती वेगाने फिरतात, याचे आलेख त्यांना चांगले जमतात. इथे मात्र बहुतेक प्रयत्न अडखळतात.

ही मोजणी करायची म्हणजे नेमके काय करायचे, ते थोडे जवळून पाहू. अ‍ॅरिझोनातील किट पीकवरच्या चार मीटर व्यासाच्या मेयाल दुर्बिणीवर ‘डेसी’ हे उपकरण बसवलेले आहे. तिच्या नाभीप्रतलावर, म्हणजे प्रकाश जिथे एकवटतो त्या पृष्ठावर, ५,००० छोटे यंत्रमानव आहेत, आणि प्रत्येकाच्या टोकाला केसाच्या जाडीचा एक ऑप्टिकल फायबर. साधारण दर वीस मिनिटांनी ते नव्या ५,००० लक्ष्यांकडे वळतात आणि त्यांचा प्रकाश दहा वर्णपटलेखकांत पोहोचवतात. येणारा वर्णपट देखणा नसतो. ताम्रसृती ०.५ असलेली एखादी लाल दीर्घिका घ्या. कॅल्शियमची ३९३.४ नॅनोमीटरची शोषणरेषा तिच्या वर्णपटात ५९० नॅनोमीटरवर सरकलेली असते, आणि आपल्याच वातावरणातील सोडियमची चमक ५८९ ते ५८९.६ नॅनोमीटरवर असते. आकाशाची चमक वजा करताना थोडी जरी कसर राहिली, तर त्या कसरीलाच संगणक रेषा समजून बसतो. म्हणून कॅल्शियमची दुसरी, ५९५ नॅनोमीटरवर आलेली रेषा जोडीने दिसते का, ६०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशाची पातळी एकदम चढते का, मॅग्नेशियमची रेषा ७७६ च्या सुमारास आहे का, असे सगळे साक्षीदार एकत्र बोलले तरच ती ताम्रसृती यादीत जाते. एखाद्या रेषेवर भिस्त ठेवून केलेले अंतराचे मापन मी तरी ग्राह्य धरत नाही.

यादी तयार झाल्यावर खरी कटकट सुरू होते, कारण आकाशात दिसणारी प्रत्येक दाटी विश्वातलीच असते असे नाही. आपल्या आकाशगंगेतील धूळ जिथे जास्त, तिथे दूरच्या दीर्घिका कमी सापडतात. जिथे आपले तारे जास्त, तिथे ते दीर्घिका म्हणून यादीत घुसतात. ज्या रात्री हवा अस्थिर, त्या रात्रीच्या पट्ट्यात मंद दीर्घिका निसटतात. शिवाय दोन फायबर एकमेकांना चिकटवून ठेवता येत नसल्यामुळे आकाशात अगदी जवळजवळ दिसणाऱ्या दीर्घिकांपैकी एखादी एका फेरीत सुटते, आणि नेमक्या दाट समूहांमध्येच ही गळती सर्वांत जास्त असते. यावर उपाय म्हणून सर्वेक्षणाच्या सर्व मर्यादा जशाच्या तशा लागू केलेली, पण आतले बिंदू पूर्णपणे यादृच्छिक असलेली दुसरी यादी बनवतात आणि खऱ्या यादीतील जोड्यांची तुलना तिच्यातील जोड्यांशी करतात. त्याखेरीज संगणकावर शेकडो कृत्रिम विश्वे निर्माण करून, त्या प्रत्येकावर खोटी दुर्बीण, खोटी धूळ आणि खोटी फायबर-गळती चालवून, आपल्या पद्धतीतून मूळ उत्तर परत मिळते का, हे पाहिले जाते. विश्व एकच असल्याची अडचण काही अंशी इथे सुटते : खरे विश्व एक असले, तरी त्याच सिद्धान्ताने घडवलेली विश्वे हवी तितकी बनवता येतात, आणि केवळ योगायोगाने उत्तर किती इकडेतिकडे होऊ शकते याचा अंदाज त्यांच्यावरूनच बांधता येतो.

एवढे सगळे झाले तरी माणसाचा कल उरतोच. अपेक्षित आकडा आला की चुका शोधण्याचे काम थांबते आणि नाही आला की सुरू राहते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक तपासनिसापासून झाकून ठेवतात, त्याच हेतूने आता सर्वेक्षणांतही उत्तर झाकले जाते. डेसीच्या यादीत दीर्घिकांच्या ताम्रसृती एका गुप्त प्रमाणात मुद्दाम सरकवून ठेवल्या होत्या. पद्धतीतील प्रत्येक निर्णय, कोणती दुरुस्ती कशी लावायची, किती त्रुटी धरायची, हे सगळे त्या बनावट स्थानांवरच पक्के केले गेले आणि मग पडदा उघडला. या क्षेत्रात गेल्या काही दशकांत दुर्बिणी मोठ्या झाल्या त्याइतकीच ही शिस्तही महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे.

‘विश्वातील सर्वांत मोठी रचना सापडली’ ही बातमी या संदर्भात कशी वाचायची, तेही सांगितले पाहिजे. मोठ्या अंतरांवर विश्व सर्वत्र सारखे आहे, हे प्रमाण प्रतिरूपाचे गृहीतक आहे, आणि तेही तपासले गेले आहे : दीर्घिकांभोवती वाढत्या त्रिज्येचे गोल कल्पून त्यांतील संख्या मोजली, तर साधारण ३० ते ३५ कोटी प्रकाशवर्षांच्या पुढे ती एकसमान वितरणासारखीच वाढू लागते. मग आयुकाच्या जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा महासमूह सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे कसा पसरला आहे? यात विरोध नाही. एकसमानता ही सरासरीची गोष्ट आहे. त्या अंतरापलीकडे रचना असूच शकत नाही, असा तिचा अर्थ होत नाही. ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर, म्हणजे विश्व बरेच तरुण असताना, एवढा दाट महासमूह तयार झाला होता ही माहिती मोलाची आहे. मात्र अशी एक वस्तू सिद्धान्ताला पास किंवा नापास करू शकत नाही, कारण ती लक्षवेधी आहे म्हणूनच आपण तिच्याकडे पाहिले. २०१३ साली ७३ क्वेसारच्या एका प्रचंड समूहाविषयी असाच गाजावाजा झाला, तेव्हा शेषाद्री नाडातूर यांनी तीच शोधपद्धत निव्वळ यादृच्छिक बिंदूंवर चालवून दाखवली आणि तिथेही तसेच, किंबहुना त्याहून मोठे, ‘समूह’ सापडले.

त्या गृहीतकावरचा मला अधिक गंभीर वाटणारा आक्षेप वेगळाच आहे. सूक्ष्मतरंग प्रारणाच्या सापेक्ष आपण सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने जात आहोत. त्यामुळे त्या दिशेला दूरचे क्वेसार किंचित जास्त दिसले पाहिजेत, आणि ते किती जास्त, हे जॉर्ज एलिस आणि जॉन बाल्डविन यांनी १९८४ साली सांगून ठेवले आहे. नेथन सेक्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली सुमारे १३.६ लाख क्वेसार मोजले, तेव्हा हा फरक अपेक्षेच्या जवळपास दुप्पट आला. भाकीत आधीचे, मोजमाप नंतरचे, चुकण्याची शक्यता खरी. परीक्षेच्या सर्व अटी इथे पूर्ण होतात, म्हणून ही विसंगती मी टाळत नाही. तरीही आकाशाच्या दोन अर्ध्या भागांतील मोजणीत टक्क्याच्या अंशाइतकाही पक्षपात राहू न देणे किती कठीण असते, हे वर सांगितलेल्या धूळ-ताऱ्यांच्या कटकटीवरून ध्यानात यावे.

बातम्यांतल्या इतर ‘संकटां’पैकी एक अलीकडेच बरेचसे निवळले. दीर्घिकांच्या आकारांतील सूक्ष्म ताणावरून द्रव्य किती गोळा झाले आहे हे मोजणाऱ्या किलो-डिग्री सर्वेक्षणाचे उत्तर अनेक वर्षे प्लांकपेक्षा कमी येत होते. २०२५ साली त्याच सर्वेक्षणाची संपूर्ण माहिती, दीर्घिकांच्या अंतरांची अधिक चांगली सांगड घालून, पुन्हा तपासली गेली आणि फरक उरला नाही. प्रसरणाच्या दराचे तसे झालेले नाही. प्लांकच्या आधारे तो दर मेगापार्सेकमागे (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला ६७.४ किलोमीटर येतो, तर सेफीड (ठरावीक काळाने तेजस्विता बदलणारे) तारे आणि अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) साखळीतून अ‍ॅडम रीस यांच्या गटाला सुमारे ७३ मिळतो. सेफीडांच्या प्रकाशात शेजारच्या ताऱ्यांची सरमिसळ होत असावी, अशी शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीच्या तीक्ष्ण प्रतिमांनी ती दूर केली. दुसरीकडे, इतर प्रकारचे तारे वापरून वेंडी फ्रीडमन यांच्या गटाला येणारे मूल्य मधल्या पट्टीतले आहे. हा वाद सिद्धान्ताचा आहे की जवळच्या अंतरांवरून दूरची अंतरे काढण्याच्या शिडीचा, हे मी आज छातीठोकपणे सांगणार नाही.

सध्या सर्वाधिक चर्चा आहे ती डेसीचीच. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालांत १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार वापरले होते. ध्वनिलहरींचा तोच ठसा निरनिराळ्या काळांत मोजला असता, कृष्ण ऊर्जा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारा अज्ञात घटक, स्थिर नसून काळानुसार क्षीण होत असावी, असा कल दिसतो. सूक्ष्मतरंग प्रारणाशी सांगड घातली तर हा कल ३.१ सिग्मा इतका भरतो (सिग्मा जितका मोठा, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी). अतिनवताऱ्यांची माहिती जोडली, तर कोणती यादी घेतली त्यानुसार २.८ ते ४.२ सिग्मा. शोध म्हणून जाहीर करण्यासाठी या क्षेत्रात ५ सिग्माचा दंडक मानतात. अतिनवताऱ्यांची यादी बदलली की विश्वासाची पातळी एवढी हलते, याचा अर्थ निदान काही भाग त्या याद्यांच्या जुळणीत दडलेला असू शकतो. विशेषतः जवळचे अतिनवतारे जुन्या, लहान दुर्बिणींनी आणि दूरचे नव्या उपकरणांनी टिपलेले असल्यामुळे दोहोंची तेजस्विता एका मापावर आणणे अवघड जाते. चिलीतील रुबिन वेधशाळा जवळचे आणि दूरचे अतिनवतारे एकाच कॅमेऱ्याने टिपणार आहे, आणि युरोपचा युक्लिड उपग्रह दीर्घिकांतील तोच ठसा वातावरणाबाहेरून, म्हणजे सोडियमच्या चमकेविना, मोजणार आहे. तोवर ‘कृष्ण ऊर्जा बदलते’ असे विधान कोणी ठामपणे केले, तर त्याने अतिनवताऱ्यांची कोणती यादी वापरली, हे आधी विचारावे.